बारावे पद

१

बुधवारी सकाळी अकरा वाजता मी सभागृहातले नाट्यमंडळाचे कपाट उघडले आणि आमच्या नाटकाचा तिसरा अंक नाहीसा झाला आहे, हे मला कळले. प्रयोग रविवारी होता.

कुलूप शाबूत होते. संहिता नेहमीच्या कप्प्यात, नेहमीच्या लाल खणात गुंडाळलेली होती. माझी मुलगी मोहिनी प्रत्येक अंकाची वेगळी वही शिवते आणि तिन्ही वह्या एकावर एक ठेवून जाड पांढऱ्या दोऱ्याने बांधते. खणात दोनच वह्या होत्या आणि त्यांच्याभोवती दोरा पुन्हा बांधलेला होता.

घाईत चोरी करणारा माणूस दोरा बांधत बसत नाही. शिवाय ती गाठ मोहिनीची नव्हती. मोहिनी बुटाच्या नाडीसारखी फुलगाठ मारते. ही गाठ एकपदरी होती, टोक ओढताच सुटेल अशी. मोकळे टोक डाव्या अंगाला लोंबत होते आणि चघळल्यासारखे विसविशीत झाले होते. मी ते ओढले नाही. वह्या गाठीसकट खणात ठेवल्या, खण पिशवीत घातला आणि कपाटाला पुन्हा कुलूप लावले.

भोरच्या मुलींच्या शाळेत मी छत्तीस वर्षे शिकवले. त्यांतली चौदा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. माझे नाव साधना आहे, पण गावात मला त्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे बाई म्हणतात. मोहिनी माझ्याच शाळेत शिकली. शाळेत आई म्हणायचे नाही, असा मी तिला नियम घालून दिला होता. तो तिने इतका चोख पाळला की पुढे घरीही मी बाईच झाले. धाकटा कुमार मुलांच्या शाळेत गेला. तो मला आई म्हणतो.

पोलिसांत जाण्याचा प्रश्न नव्हता. चाळीस पानांची वही हरवल्याची तक्रार कोण लिहून घेणार? पण त्या चाळीस पानांची दुसरी प्रत जगात कोठेही नव्हती, आणि ज्या डोक्यातून ती पाने उतरली होती तेथून ती आता पुन्हा उतरणार नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मोहिनीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वय चौपन्न. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते की दुसरा झटका लांब नाही, तिला जे काही दाखवायचे असेल ते लवकर दाखवा.

तिला तिचे नाटक दाखवायचे होते. माझ्यापुढे त्या दिवसांत एवढेच एक काम उरले होते.

दुसरी प्रत का नव्हती, याचे उत्तर माझ्याकडेच होते. संपूर्ण संहिता कोणाच्या हाती द्यायची नाही, ही जुन्या संगीत मंडळ्यांची रीत मी आमच्या मंडळात चालू ठेवली होती. प्रत्येक नटाला फक्त त्याची नक्कल मिळते: त्याची स्वतःची वाक्ये आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द. मोबाईलवर पानांचे फोटो काढायलाही माझी बंदी होती. दुसरा नियम असा की लेखकाने स्वतः वाचून दाखवल्याखेरीज कोणताही अंक कोणी वाचायचा नाही, अध्यक्ष म्हणून मीसुद्धा नाही. पहिल्या दोन अंकांचे वाचन झाले होते. तिसऱ्याचे व्हायच्या आदल्या सकाळी मोहिनी अंगणात कोसळली.

म्हणून त्या अंकाच्या नकला झालेल्या नव्हत्या, आणि त्यात काय होते हे मलाही ठाऊक नव्हते.

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला असते. दुसरी मोहिनीच्या पलंगाच्या उशाशी, खिळ्याला. म्हणजे वही नेणारा माणूस माझ्या मुलीच्या उशाशी हात घालून गेला होता.

२

नाटक शंभर वर्षांपूर्वीच्या दोन कादंबऱ्यांवरून रचलेले होते. पहिलीत धरणाच्या पाण्याखाली जाणारे एक गाव आहे. आमच्या भागात ही कथा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. इकडे भाटघरचे पाणी, तिकडे वेल्ह्याच्या अंगाला गुंजवणीचे. दुसरी कादंबरी अगदी घरगुती आहे. तिच्यातली आई मुलीच्या नावाने आलेले एक पत्र दडवून ठेवते. या दोन कथांची मोट कशासाठी बांधायची, असे मी मोहिनीला विचारले होते.

"पहिलीत गाव बुडतं, बाई," ती म्हणाली होती. "नाटकाला एक माणूसही बुडावं लागतं."

त्या उत्तराचे मी तेव्हा कौतुक केले होते. पुढे विचार केला नव्हता.

मोहिनीच्या उशाशी गेल्या आठवड्यात चौघे आले होते. नाटकात मुलीचे काम करणारी शेफाली, पेटीवादक कुंडलिक, माझा कुमार आणि रत्ना. रत्ना वेल्ह्याच्या डोंगरावरच्या धनगर वस्तीतली. दिवसभर मोहिनीची शुश्रूषा करते, आणि नाटकात ओव्या म्हणणाऱ्या मेंढकीचे कामही तिचेच. मंगळवारी सकाळी तिने दोन दिवसांची रजा मागितली होती. आईला बरे नाही, म्हणाली. प्रयोगाच्या आठवड्यात रजा मागायला तिला संकोच वाटला नाही, याचे मला नवल वाटले होते. पण मी दिली होती.

बुधवारी दुपारी मी शेफालीला शाळेमागच्या सभागृहात बोलावले. ती पुण्याची, लग्न होऊन भोरात आलेली. आवाज चांगला आहे आणि ते तिला माहीत आहे.

"तिसऱ्या अंकाची वही कपाटात नाही," मी म्हटले. "तुला काही सांगायचे आहे?"

"म्हणजे माझ्यावर संशय आहे, बाई."

"सर्वांवर आहे. तू पहिली आलीस एवढेच."

ती जरा हसली. "मला त्या अंकाचा काय उपयोग? त्यात माझं पदच नाही. अकरावं पद दिलं तेव्हा मोहिनीताई म्हणाल्या, शेफाली, तुझं गाणं इथे संपलं. मी रुसले होते, खोटं कशाला बोलू. नाटक माझ्या खांद्यावर, आणि शेवटचं पद दुसऱ्याचं."

"रत्नाचे असेल."

"तिला विचारलं मी. तिचंही नाही. आणि कुमारदादांना तर गाता येत नाही." ती उठता उठता थांबली. "बाई, एक विचारू का? मग शेवटी गाणार कोण होतं?"

हाताखालच्या माणसाने प्रश्न विचारलेला मला कधीच सहन झालेला नाही. मी तिला जायला सांगितले.

कुंडलिक किकवीहून दीडच्या एसटीने आला. वय सत्तर. तो पेटी वाजवतो तेव्हा सोडून इतर वेळी त्याचे हात कापतात.

"वही गेली म्हनता? आता वं?" तो बाकावर बसला. "बाई, आमी वाजवनारी मानसं. अंकाबिंकाचं आमाला काय ठावं? ताईंनी पदं दिली अकरा, म्या बसवली अकरा. बारावं असंल तर त्यांच्या पोटात."

"मोहिनीशी तुझे भांडण झाले होते, असे ऐकले."

"चालीवरनं? ते रोजचंच. भांडान न्हाई झालं तर चाल गळ्याखाली उतरत न्हाई." त्याने डोळे पुसले. "त्या दिवसापास्नं कुनी भांडत न्हाई माज्याशी. लई वाईट वाटतंय."

साडेतीनच्या गाडीने तो परत गेला. पेटी सभागृहातच राहिली. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मी झाकण नीट लावायला गेले, आणि झाकणाची आतली बाजू माझ्या दृष्टीस पडली.

कुंडलिकची एक जुनी सवय आहे. कोणते पद कोणत्या पट्टीत, म्हणजे गायकाचा षड्ज पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा, हे तो झाकणाच्या आत खडूने लिहून ठेवतो. शेफालीची काळी पाच, रत्नाची काळी चार, कोरसातल्या पुरुषांची काळी एक. एकाखाली एक ओळी होत्या. मी त्या बोटाने मोजल्या, चष्मा पुसून पुन्हा मोजल्या.

ओळी बारा होत्या. बाराव्या पदापुढे 'पांढरी तीन' असे लिहिले होते. आणि आमच्या मंडळात त्या पट्टीत गाणारे कोणीही नव्हते.

३

गुरुवारी सकाळी रत्नाच्या वस्तीवर जायला कुमारने टेम्पो काढला. सारोळ्याला हमरस्त्याशेजारी त्याची रोपवाटिका आहे. मागे आंब्याची कलमे हिंदकळत होती, ती त्याला वाटेत मार्गासनीला उतरवायची होती. भाताची काढणी संपली होती. खाचरांत नुसते खुंट उभे होते.

"आई, मलाही विचारणार आहेस का?" कापूरहोळ सोडल्यावर तो म्हणाला.

"विचारणार आहे. तू नेलीस का?"

"न्यायला हवी होती." तो समोर बघत म्हणाला. "दोन वर्षं त्या नाटकानं तिला झोपू दिलं नाही. तू म्हणायचीस पद पुन्हा लिही, ती पुन्हा लिहायची. तू म्हणायचीस चाल हलकी झाली, ती मोडायची. चौपन्न वर्षांची बाई, आणि तुझ्यासमोर वही धरून उभी राहायची. मला बघवत नव्हतं. पण वही मी नेलेली नाही. मला ती किल्ली कसली आहे तेही माहीत नव्हतं."

मी त्याच्या हातांकडे पाहिले. तो खोटे बोलताना कानाची पाळी ओढतो. त्याचे दोन्ही हात चाकावर होते.

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला रस्ता संपतो. तेथून वस्तीपर्यंत मी पायी चढले. कुमारने हात पुढे केला, तो मी धरला नाही. वरून धरणाचे पाणी दिसत होते. कडेने चिखलाचा तांबडा पट्टा, मध्ये पाणी, आणि त्याखाली काय आहे ते माहीत असलेल्यालाच माहीत.

रत्नाची आई ठकुबाई मेंढरांच्या वाड्यासमोर कोकरांना दावणीला लावत होती. तिला काहीही झालेले नव्हते.

"या बाई, बसा. रत्ना पान्याला गेलीया. तुमी एवढं चढून आला, मला सांगावा धाडायचा न्हाई का? म्याच आले आसते खाली."

"तुम्हांला बरे नव्हते ना?"

"मला?" ठकुबाईने कोकराचे तोंड बाजूला सारले. "मला बरं नसायला सवड कुठं हाय?"

बोलता बोलता तिने एका हाताने कोकरू काखेत धरले, दोरीचे टोक दातांत पकडले आणि दुसऱ्या हाताने खुंट्याला गाठ मारली. गाठ एकपदरी होती. मोकळे टोक उजवीकडे लोंबत राहिले.

"ही कसली गाठ?"

"ही व्हय? कोकराची गाठ. एका हातानं बांधायची, एका वढीत सोडायची. दुसऱ्या हातात जनावर आसतंय न्हवं. आमच्यात पोरींना चालाया लागायच्या आधी ही येती."

मी पिशवीतून खण काढला आणि तिच्यापुढे उघडला. ठकुबाईने वह्यांकडे पाहिले, गाठीकडे पाहिले, आणि तिचा चेहरा मिटला. त्याच वेळी मागे हंडा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

रत्ना उभी होती. तिने मला काही विचारूही दिले नाही.

"म्या जाळली, बाई. सोमवारी. बंबात घातली."

४

सोमवार मला आठवला. सकाळी सर्वांच्या अंघोळी झाल्यावर रत्नाने दुपारी बंब पुन्हा पेटवला होता. ताईंचे अंग पुसायचे आहे, म्हणाली होती. सकाळी एकदा पुसून झाले होते, हे माझ्या लक्षात आले होते. पण अशा गोष्टीबद्दल मी विचारणा करत नाही.

"का जाळलीस?"

"चूक झाली."

"मी कारण विचारले."

"चुकीला कारन नसतंय, बाई. मला कामावरनं काढा. नाटकातनं काढा." तिचा आवाज हलला नाही. "पर दुसऱ्या कुनाला काय बोलू नगा."

वर्गात असे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलेले आहे. ते कधीच स्वतःसाठी दिलेले नसते.

"वाचलीस का ती वही?"

"न्हाई. आईशप्पत न्हाई. ताईंचं हाय ते, म्या कशी वाचू?"

मी तिच्यासमोर दोरीचा तुकडा धरला आणि म्हटले, "बांध." तिने आईसारखीच टोक दातांत धरून, खुंट्याला गाठ मारली. एक निमिष लागले. मोकळे टोक उजव्या बाजूला पडले.

"पुन्हा."

पुन्हा उजवीकडे. मी खणातल्या वह्या तिच्या गाठीशेजारी ठेवल्या. दोऱ्याचे टोक डावीकडे होते. आरशात पाहावी तशी तीच गाठ उलटी बांधलेली होती.

"ही तू बांधलेली नाहीस, रत्ना. ही डाव्या हाताने बांधलेली आहे. तुमच्या वस्तीवर कोणी डावखुरे आहे का?"

ठकुबाईने नकारार्थी मान हलवली. रत्ना खाली बसली आणि तिने पदर तोंडात धरला.

"ही गाठ तू कोणाला शिकवलीस?"

"डाक्टर म्हनले हुते, हाताला काम द्या," ती म्हणाली. "उजवा ग्येला, डावा तरी चालता ऱ्हाऊ द्या. मला दुसरं काय येतंय, बाई? म्या ह्येच शिकवलं."

मी वस्तीवरून खाली उतरले तेव्हा कुमारने पुन्हा हात पुढे केला. या वेळी मी तो धरला.

घरी पोहोचले तेव्हा ऊन कलले होते. मोहिनी उशाला टेकून बसली होती. मी पलंगाच्या कडेला बसले, तिच्या मांडीवर दोन वह्या ठेवल्या आणि दोऱ्याचे टोक ओढले. गाठ सुटली. मग दोरा तिच्या डाव्या हाताशी ठेवला. मी एकही प्रश्न विचारला नाही.

तिने दोऱ्याकडे पाहिले. नंतर तिने तो बोटांनी वह्यांखालून घेतला, टोक वर आणले, मान वाकवून दातांत धरले आणि हळूहळू, तीनदा घसरून, गाठ बांधली. मोकळे टोक डावीकडे पडले.

इतका स्पष्ट जबाब मला आयुष्यात कोणी दिलेला नाही.

५

रत्नाने उरलेली हकिकत शुक्रवारी येऊन सांगितली. पण तोपर्यंत ती माझी मलाच उलगडली होती.

रविवारी दुपारी मी मोहिनीच्या पलंगाशी उभी राहून सांगितले होते की आता वेळ उरलेला नाही, मी माझा नियम मोडते, बुधवारी तिसरा अंक काढते आणि नकला स्वतः करते. ते ऐकताच तिचा डावा हात उठला होता. तो किल्लीकडे गेला, मग माझ्याकडे आला, पुन्हा किल्लीकडे गेला. तिच्या घशातून आवाज निघत होता. मी तिचा हात हातात घेऊन खाली ठेवला आणि म्हटले, "समजले. लवकर करते. तू काळजी करू नकोस."

सोमवार सकाळपर्यंत ती तोच हात उचलत राहिली आणि मी तेच उत्तर देत राहिले. लवकर करते. मला समजलेले आहे, यात मला शंका नव्हती. ती नको म्हणत होती.

रत्नाला ते एका दिवसात कळले, कारण रत्नाने विचारले होते. "ताई, वही आनू का? आनू तर डोळं मिटा." सोमवारी तिने किल्ली नेली, संहिता पिशवीत घालून आणली. मोहिनीने एका हाताने दोरा सोडला, तिसरी वही बाजूला केली, बाकीच्या दोन स्वतः बांधल्या, आणि न्हाणीकडे बोट केले. उरलेल्या वह्या तिला सुट्या टाकता आल्या नाहीत. शिस्त तिला मीच लावलेली होती.

चोर सापडला होता. तरीही बारावे पद कोणाचे, हे सापडले नव्हते. शुक्रवारी कुंडलिक आल्यावर मी पेटीचे झाकण उघडून त्याच्यापुढे धरले.

"तू मला अकरा म्हणालास."

त्याने खडूची ओळ पाहिली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला, पण पुसली नाही.

"ताईंनी वचान घेतलं हुतं."

"कोणाचे पद आहे?"

"बाई, तुमी रोज सांजच्याला तोत्र म्हनता न्हवं? त्यो तानपुऱ्याचा डबा कुनी लावून दिला तुमाला?"

तो इलेक्ट्रॉनिक तानपुरा मोहिनीने चार वर्षांपूर्वी आणला. माझा आवाज वयाने खाली आला आहे म्हणून सूर तिनेच बसवून दिला होता आणि बटणाला हात लावू नका, असे बजावले होते. मी लावला नाही. तो कोणता सूर आहे, हेही कधी पाहिले नाही. मी आतून तानपुरा आणवला आणि चालू केला. कुंडलिकने भाता हलवून पांढरी तीन दाबली. दोन्ही आवाजांत केसाइतकेही अंतर नव्हते.

"शेवटी आई पयल्यांदाच रंगमंचावर येती आन् गाती," तो म्हणाला. "ते काम तुमचं. आयत्या येळी उभं करायचं, आधी सांगायचं न्हाई, बाई ऐकायच्या न्हाईत, असं म्हनल्या. चाल मला दिली. शब्द न्हाई दिले. म्हनल्या, शब्द सगळ्यांत पयले बाईंनीच बघायचे."

"त्या पदात काय होते, याची तुला काही कल्पना?"

कुंडलिक पेटीकडे पाहत होता. "शाळंनं तुमचं जुनं टेबल भंगारात काढलं, तवा ड्रावर कुनी रिकामा केला, आठवतंय का?"

मोहिनीने केला होता. आठ वर्षांपूर्वी.

त्या ड्रॉवरमध्ये एक पत्र होते. मोहिनी वीस वर्षांची असताना मुंबईच्या एका संगीत नाटक मंडळीने तिची निवड केली होती. पत्र शाळेच्या पत्त्यावर आले. मी ते वाचले, ड्रॉवरमध्ये ठेवले, आणि ती रोज पोस्टमनची वाट पाहत होती तेव्हा तिला सांगितले की अशा लोकांची उत्तरे येत नसतात. मुलगी दौऱ्यावर फिरणार, हे मला मान्य नव्हते. वर्षभराने तिने विचारणे सोडले. मी निर्धास्त झाले. पत्र फाडून टाकायचे मात्र राहिले. कागदपत्रे नष्ट करायची नाहीत, हाही माझा एक नियम होता.

आठ वर्षे ती हे जाणून माझ्यासमोर वावरली आणि एका शब्दाने बोलली नाही. मग तिने दुसरी कादंबरी निवडली. त्या कादंबरीतली आई शेवटपर्यंत कबुली देत नाही. मोहिनीच्या नाटकात ती गाणार होती. जे मी आपणहून म्हणायला हवे होते, ते माझ्या लेकीने माझ्या पट्टीत बसवून, माझ्यासाठी लिहून ठेवले होते.

आणि मी म्हणाले होते की त्याची नक्कल करून घेते.

तेव्हा तिने ते का जाळले, हे कोडे मी सोडवू शकलेले नाही. पाठ करून म्हटलेली माफी तिला नको होती म्हणून, की माझ्यावर कधीकाळी धरलेला राग आता माझ्या हातचे भरवून घेताना तिला जड झाला म्हणून? मी तिला दोन्ही विचारले. होय असेल तर डोळे मिट, म्हटले, रत्नाने शिकवले तसे. तिने डोळे उघडे ठेवले आणि भिंतीकडे पाहिले.

६

प्रयोग रविवारी दुपारी तीन वाजता झाला. वेल्ह्याकडच्या लोकांना शेवटची एसटी गाठता यावी म्हणून वेळ दुपारची ठेवली होती. सभागृह भरले होते. धरणात घर गेलेली म्हातारी माणसे पुढे सतरंजीवर बसली होती. ठकुबाई त्यांच्यात होती. मोहिनीला कुमारने चाकांच्या खुर्चीत पहिल्या रांगेत आणले.

दोन अंक उत्तम झाले. शेफाली अकरावे पद अशी गायली की मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. रत्नाच्या ओवीला ठकुबाईने मोठ्याने नाक शिंकरले. मग पडदा पडला. तिसरा अंक नव्हता. मी कुंडलिकला म्हटले, "बारावे घ्या," आणि पडदा उघडायला सांगून मधोमध जाऊन उभी राहिले.

शुक्रवारपासून मी शब्द शोधत होते. छत्तीस वर्षे मी भाषा शिकवली आहे. दोन दिवसांत एक कागद भरून काढला होता, खोडला होता, पुन्हा लिहिला होता. त्या वाक्यांत एकही चूक नव्हती. रंगमंचावर येण्यापूर्वी मी तो कागद फाडून टाकला, कारण ते सारे मला सभेतल्या भाषणासारखे वाटले. जे म्हणायचे होते ते फार तर दोन शब्दांचे होते, आणि ते मला पाठ करण्याची गरज नव्हती, असे मी समजत होते.

पेटीवर पांढरी तीन वाजली. चाल सुरू झाली. ती मी प्रथमच ऐकत होते. साधी होती, माझ्या म्हाताऱ्या गळ्याला कोठेही ताण पडू नये अशी बेताने रचलेली. वर जायची जागा आली की ती स्वतःच खाली वळत होती. एवढी काळजी माझी कोणी घेतलेली नाही.

पहिले आवर्तन संपले. कुंडलिकने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा समेवर आला. पहिल्या रांगेत मोहिनीचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरत होता. समेला तो जरा उंच उठायचा आणि थांबायचा. लहानपणी पद शिकवताना मी तिला अशीच जागा दाखवत असे. येथून उचल.

मी तोंड उघडले. सभागृहात चारशे माणसे होती, त्यांतली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली. त्यांच्यासमोर मी कधी चुकले नव्हते. ते दोन शब्द न म्हणताच मी तोंड मिटले.

दुसरे आवर्तन संपले. तिचा हात पुन्हा उठला आणि थांबला. तिने माझ्यावरची नजर काढली नाही. कुंडलिक पुन्हा समेवर आला.

तिसऱ्या आवर्तनात, सम येण्यापूर्वीच, तो हात थांबला आणि तिने तो उचलून मांडीवरच्या उजव्या हातावर ठेवला.

कुंडलिक पदाच्या अखेरपर्यंत वाजवत राहिला. लोकांना वाटले, नाटक असेच आहे.